पोट्टे रंग पाहायला कुठून शिकतात

आमच्याकडे बारशाला आलेल्या बायका पाळण्यात वाकून आधी बाळाचे कान पाहतात, कारण जन्मतः बाळ गुलाबी असलं तरी खरा रंग कानावरून कळतो म्हणे. परवा शेजारी हेच चाललं होतं, "मायवं, कान काळेच दिसून रायले ना वं, बापावर गेली पोट्टी," आणि बाळाची चार वर्षांची बहीण तिथेच बसून ऐकत होती, जरा वेळाने ती आपलाच कान ओढून तिरप्या नजरेने पाहायला लागली. मला लय राग आला.

लहान पोरांना काय समजते, असं म्हणतात. पण २००६ साली छापलेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांची बाळं पाहिली, गोऱ्या घरातली बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती आणि इथिओपियातली काळ्या चेहऱ्यांकडे, पण इथिओपियातून इस्राएलला आलेल्या कुटुंबांची जी बाळं दोन्ही तऱ्हेचे चेहरे रोज पाहत होती त्यांची नजर कुठेच जास्त रेंगाळली नाही. म्हणजे रोज जे दिसतं तेच डोळ्याला ओळखीचं होतं, एवढंच. यात चांगलं-वाईट काहीच नाही.

चांगलं-वाईट आपण घालतो. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने १९४० च्या दशकात लहान मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं छान कोणती, वाईट कोणती, तर बऱ्याच काळ्या मुलांनी गोरीला छान म्हटलं, आणि मग तुझ्यासारखी कोणती विचारल्यावर काही जण रडले. १९५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तेव्हा निकालपत्रात या कामाचा दाखला आला.

आपल्याकडे रंगाला जात चिकटते. "कोलामासारखी दिसते" (कोलाम म्हणजे आमच्याकडची एक आदिवासी जमात) हे मी सुशिक्षित घरात ऐकलंय. इंग्रजांच्या काळात, १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले तर नाकं मोजून जातींची उतरंड लावत होता! बाबासाहेबांनी १९३६ मध्येच स्पष्ट लिहिलं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत. आणि आपल्या इकडे तर कापूस वेचून आलेली बाई, मग ती कोणत्याही घरची असो, उन्हाने रापलेलीच असते.

गरोदर बाईला केशराचं दूध, बाळाला डाळीच्या पिठाचं उटणं, पुढे लग्नाच्या बायोडाट्यात "वर्ण: निमगोरा", पोरगी हे सगळं ऐकतच वाढते. आमच्या समाजाच्या परिचय मेळाव्याच्या फॉर्मवरचा तो रकाना काढा असं मी मंडळाला लेखी दिलंय, काही जण म्हणतात मग स्थळं कशी जुळतील, पण पाच-सहा जणांनी माझ्या अर्जावर सह्या केल्यात, दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये विषय येईल, गावातल्या ज्यांना पटतं त्यांनी या.