आजी पुसट, कालनिर्णय स्पष्ट

श्रावणातला मंगळवार होता. सदाशिव पेठेतलं आमचं कॅमेरा दुरुस्तीचं वर्कशॉप उघडून तासभर झाला असेल, एवढ्यात एक मुलगी आणि तिचे मामा आले. तिने पिशवीतून कॅननचा जुना फिल्म कॅमेरा, कॅनोनेट क्यूएल१७ जी-३, काढून काउंटरवर ठेवला आणि शेजारी पहिल्या रोलचे प्रिंट मांडले. "काका, कॅमेऱ्यात मला काहीच बिघाड दिसत नाहीये. पण हे फोटो बघा."

पहिल्या प्रिंटमध्ये खुर्चीत बसलेली आजी होती. चेहरा पुसट. चष्म्याची काडी कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात तेही कळत नव्हतं. मागच्या भिंतीवरच्या कालनिर्णयचे आकडे मात्र लख्ख वाचता येत होते. हात हलला असता तर आकडेही हलले असते, तेव्हा तो प्रश्न नव्हता. दुसरा फोटो संध्याकाळी गच्चीवरून घेतलेल्या लांबच्या इमारतींचा, तो सगळाच पुसट. तिसरा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा, भर उन्हातला, आणि तो इतका धारदार की दारावरचे खिळे मोजावेत.

कॅमेरा तिने ऑनलाइन घेतला होता, दुसऱ्या गावच्या एका विक्रेत्याकडून. पसंत पडला नाही तर सात दिवसांत परत, अशी बोली होती. आज सहावा दिवस. म्हणून मामा घाईत होते, आणि म्हणूनच मी स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. परतीची मुदत चालू असताना कॅमेरा उघडला की विक्रेत्याला सरळ म्हणता येतं, तुमच्या माणसानेच बिघडवला. आधी बाहेरून बघायचं आणि काय दिसतं त्याचे फोटो काढून ठेवायचे.

जुना रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, घेताना जे बघायला हवं ते तिने बहुतेक बघितलं होतं. मीही तेच पुन्हा केलं. मागचं दार उघडून शटर १/४ सेकंदावर ठेवलं, ट्यूबलाइटकडे धरून सोडलं. पाती पूर्ण उघडून एका दमात मिटली. या कॅमेऱ्यांत जुनं तेल पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. बटण दाबल्यावर आवाज येतो, पण पाती हलत नाहीत. म्हणून नुसता आवाज ऐकून पैसे देऊ नयेत, आरपार उजेड बघावा. इथे १/४ पासून १/५०० पर्यंत सगळं ठीक होतं. दाराच्या खाचांतला काळा फोम नवा होता. जुना फोम डांबरासारखा चिकट होतो आणि बोटाला लागतो. टॉर्च लावून लेन्स पुढून-मागून बघितली. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे हमखास सापडतात, पण ही काच स्वच्छ होती. उजेड मोजणारा मीटरही चालू होता. मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, म्हणून तिने औषधाच्या दुकानातून कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल आणून बाजूने रबरी रिंग घातली होती. तो १.४ व्होल्टचा, म्हणजे अगदी जवळचा. १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला असता तर मीटरने उजेड जास्त धरला असता आणि फोटो काळपट आले असते. पोरीने अभ्यास करून कॅमेरा घेतला होता हे लगेच कळत होतं.

मग रेंजफाइंडर. गच्चीवर जाऊन फोकसची रिंग अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेवर, ठेवली आणि खिडकीच्या मधोमध दुहेरी प्रतिमा दिसते तो चौकोन, म्हणजे पॅच, पर्वतीवरच्या देवळाच्या कळसावर नेला. दोन प्रतिमा तंतोतंत एकावर एक बसल्या, आडव्या आणि उभ्याही. खाली येऊन फिल्मच्या जागेपासून टेपने दोन मीटर मोजून पुस्तक उभं केलं. पॅच जुळला तेव्हा रिंगही दोन मीटरवर होती.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि त्यात चूक काय होते ते नीट सांगायला हवं. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे लेन्सची बैठक थोडी चुकली तरी डोळा रिंग फिरवून ती चूक भरून काढतो. रेंजफाइंडरमध्ये डोळा एका खिडकीतून बघतो आणि फिल्म दुसऱ्या. पॅच फक्त एवढंच सांगतो की लेन्सची नळी किती पुढे आली आहे. नळीतल्या काचा आपल्या जागी आहेत की नाहीत, हे पॅचला कधीच कळत नाही. नळी आणि पॅच एकमेकांशी अगदी इमानदार असू शकतात, आणि तरीही फिल्मवर भलतंच पडत असतं.

मी तिला म्हटलं, "आता फिल्मच्या जागेवरून बघू."

कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून पुन्हा गच्चीत नेला. दार उघडं, अ‍ॅपर्चर ऑटोवरून काढून एफ/१.७ वर, म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं (आकडा वाढतो तसं भोक लहान होतं), शटर बी वर, म्हणजे बटण दाबलेलं असेतो उघडं राहील असं. लिव्हर ओढून केबल रिलीजने शटर उघडं अडकवून ठेवलं. फिल्म जिथून सरकते तिथे वर आणि खाली दोन-दोन रुळ असतात. बाहेरच्या उंच जोडीवर दाराची दाबपट्टी टेकते आणि आतल्या जोडीवर फिल्म टेकते. दोन्हींच्या उंचीत साधारण ०.२ मिलिमीटरचा फरक असतो. माझ्याकडे आतल्या रुळांवर बसेल अशी कापलेली घासलेली काच आहे, तिची खरखरीत बाजू लेन्सकडे ठेवायची. काच नसेल तर अर्धपारदर्शक चिकटपट्टी आतल्या रुळांवर ढोलाच्या पानासारखी ताणून लावावी. सुरकुती पडली तर ती काढून दुसरी लावावी. डोक्यावर काळं कापड घेतलं आणि दहापट भिंगाने बघितलं.

पर्वतीचा कळस उलटा दिसत होता, पण तो कळस नव्हता, पिवळट गोळा होता. रिंग अनंताच्या टोकाला टेकलेली. मी रिंग हळूहळू जवळच्या अंतराकडे फिरवू लागलो. दहा मीटरवर गोळ्याला आकार आला, आणि रिंग पाच मीटरच्या खुणेवर आली तेव्हा कळस, त्याखालची रेघ, बाजूचं झाड, सगळं कातरून काढल्यासारखं उभं राहिलं. तिला बघायला दिलं. ती बराच वेळ कापडाखाली होती. बाहेर आली आणि म्हणाली, "म्हणजे मी जुळवते ते बरोबर आहे."

तिचं अगदी बरोबर होतं. ४० मिलिमीटरची लेन्स अनंतावरून पाच मीटरवर यायला सुमारे ०.३ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे या कॅमेऱ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा फिल्मच्या ०.३ मिलिमीटर मागे पडत होती. या एका आकड्यावरून तिन्ही फोटो उलगडले. एफ/१.७ वर ०.३ ला १.७ ने भागलं की प्रत्येक बिंदूचा जवळजवळ ०.१८ मिलिमीटरचा ठिपका होतो. ३५ मिलिमीटर फिल्मवर ०.०३ पर्यंतचा ठिपका डोळा चालवून घेतो, हा त्याच्या सहापट. पण भर उन्हात २०० एएसएच्या फिल्मवर १/२५० ला अ‍ॅपर्चर एफ/१६ च्या आसपास जातं. ०.३ भागिले १६, म्हणजे ०.०२. दिल्ली दरवाजाचे खिळे म्हणूनच मोजता येत होते. आणि आजीचं असं, की पॅच दोन मीटरवर जुळला तेव्हा फिल्मवरचा फोकस सव्वातीन मीटरच्या आसपास होता. मी विचारलं, आजीच्या मागे भिंत किती लांब होती? तिने हाताने दाखवलं, चारेक फूट. कालनिर्णय नेमकं तिथेच होतं.

मामांचं म्हणणं पडलं की विक्रेत्याने फसवलं. मला तसं वाटलं नाही. जाहिरातीसोबत त्याने नमुन्याचे फोटो दिले होते, ते मी तिच्या फोनवर बघितले. सगळे भर दुपारचे, चकचकीत उन्हातले. त्याने कॅमेरा चालवूनच विकला होता, फक्त चूक जिथे दिसली असती तिथे तो गेला नव्हता. नमुन्याचे फोटो मागताना नेहमी एक फोटो घरातला, खिडकीजवळचा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून दीड-दोन मीटरवरून घेतलेला मागावा. उन्हातले दहा फोटो त्याची बरोबरी करत नाहीत.

कारण शोधायला मागच्या दारातूनच टॉर्च मारला. मागच्या काचांच्या गटाला फिरवण्यासाठी दोन खाचा असतात. एका खाचेच्या कडेला काळा रंग उडून पितळ चमकत होतं, ताजा ओरखडा. म्हणजे हा गट कोणीतरी नुकताच काढून परत बसवला होता. जाहिरातीत 'सर्व्हिस केलेला' लिहिलं होतं ते खरंच होतं. आमच्या धंद्यात खरेदीआधी मी स्क्रूची डोकी आणि या खाचा आधी बघतो, आणि ऑनलाइन घेणाऱ्यालाही सांगतो की दार उघडून, मागून उजेड पाडून काढलेला लेन्सचा एक फोटो जरूर मागवा.

घासलेल्या काचेवरचा पुसट कळस आणि पाच मीटरला दिसणारा स्पष्ट कळस, दोन्हींचे फोनवर फोटो घेतले, रिंगची खूण दिसेल असे. तिने ते पाठवून विक्रेत्याला फोन लावला आणि मला दिला. माणूस सरळ निघाला. म्हणाला, "साहेब, परत पाठवा, नाहीतर दुरुस्तीचं मी देतो, ती म्हणेल तसं." मी तिला काही सुचवण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली. गट नुसता कमी बसला असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. आटेच खाल्ले असतील तर कॅमेरा परत केलेला बरा, कारण वाकडा बसलेला गट नंतर सरळ होईलच असं नाही. घासलेल्या काचेवर चारही कोपरे सारखेच धरत होते, त्यामुळे गट तिरका नसावा असा माझा अंदाज होता. उघडायचं असेल तर मुदत वाढवून दिल्याचं विक्रेत्याने लिहून पाठवावं, एवढं मी मागितलं. ते आलं, मग पाना हातात घेतला.

गट उलटा फिरवत बाहेर काढला. पुढच्या आट्यांत तपकिरी, वाळलेला थर होता, जुन्या लॅकरचा. स्क्रू हलू नयेत म्हणून लावतात ते. आधीच्या कारागिराने पाती धुतली होती आणि ते काम उत्तम केलं होतं, शटरचा एकेक वेग त्याची साक्ष देत होता. पण गट परत बसवताना तो या थरावर अडला, हाताला घट्ट लागला, आणि त्याला वाटलं बसला. आणखी जवळजवळ एक फेरा बाकी होता. लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवलेल्या दातकोरणीने आटे एकेक करून साफ केले. धातूची सुई वापरायची नाही, पितळ मऊ असतं. मग गट जागेवर ठेवून आधी उलट्या दिशेने हळूच फिरवला. आटा आट्यात पडला की बोटाला बारीक टक जाणवते. ती टक आल्यावरच सुलट फिरवायला लागायचं. ही सवय नसली की आटे तिरके धरतात. या वेळी गट शेवटपर्यंत गेला आणि काचेसारखा टणक थांबला.

पुन्हा गच्ची, पुन्हा काळं कापड. रिंग अनंतावर, कळस धारदार. पॅचला हातही लावावा लागला नाही, तो पहिल्यापासून बरोबरच होता. इथे एक सांगतो, कारण असा प्रकार माझ्याकडे आला आहे. फोटो पुसट येतात म्हणून काही जण वरचं झाकण काढून पॅचच फिरवतात. मग पॅच जुळला तरी रिंगवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात, आणि एका चुकीच्या दोन होतात. आधी लेन्स फिल्मशी जुळवायची, पॅच त्यानंतर.

ही तपासणी सगळ्याच रेंजफाइंडरवर इतकी सोपी नाही. झोर्की-४ किंवा फेड-२ ची पाठ पूर्ण निघते, तिथे काच छान बसते. लायका एम३ ला पाठीवर छोटी झडप आहे, तिथे जरा कसरत. जुन्या, स्क्रूच्या लेन्सवाल्या लायकांना पाठीचं दारच नसतं. तिथे फिल्मवरच चाचणी घ्यावी लागते.

फिल्मची चाचणी आम्ही तरीही घेतलीच. भिंतीशी ४५ अंशात वर्तमानपत्र लावलं, मधल्या एका ओळीला लाल पेनाने रेघ मारली, एफ/१.७, ट्रायपॉड. ०.८, १.२, २ आणि ३ मीटर, प्रत्येक अंतरावर दोन फ्रेम. पॅच दरवेळी पूर्ण बाहेर नेऊन नव्याने लाल रेघेवर आणायचा. शुक्रवारी निगेटिव्ह धुऊन आली, लाइटबॉक्सवर भिंगाने बघितली. आठही फ्रेममध्ये सगळ्यात टोकदार अक्षरं लाल रेघेवरच होती.

त्याच संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला. त्याच कारागिराकडून करून घेतलेले आणखी दोन कॅनोनेट त्याच्याकडे होते, आणि विकण्याआधी त्याला ही चाचणी स्वतः करायची होती. त्याने चिकटपट्टी लावून मला फोटो पाठवला. पट्टी सुरेख ताणलेली होती, पण बाहेरच्या रुळांवर. मी त्याला सांगितलं, काढा आणि आतल्या जोडीवर लावा, नाहीतर ते ०.२ मिलिमीटर तुम्हाला चांगला कॅमेराही वाईट दाखवतील.