हौसेचा बर्फ

बेळगावची थंडी माणसाला घरात बसवत नाही, बाहेर काढते. दिवाळी सरली की व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून फिरणाऱ्यांची संख्या वाढते, रविवारी पहाटे राजहंसगडाच्या पायथ्याशी तरुण मंडळींच्या दुचाक्या लागतात, जांबोटीकडच्या रस्त्यावर धुके उतरते आणि कानटोपी घातलेली ज्येष्ठ मंडळी ‘यंदा थंडी जास्तच आहे’ हे दरवर्षीचे मत नव्या उत्साहाने मांडतात. एवढ्या थंडीला भिण्याचे काही कारण नसल्यामुळे हिवाळा म्हणजे हिंडण्याचा ऋतू ही आपली समजूत पक्की झालेली असते. तीच समजूत सोबत घेऊन आपल्याकडची कुटुंबे अलीकडे ऐन हिवाळ्यात काश्मीरमधल्या गुलमर्गला जाऊ लागली आहेत आणि तिथला रात्रीचा पारा शून्याच्या किती खाली असतो, हे त्यांना बहुधा तिथे पोहोचल्यावरच कळते.

तसा सीमाभागाला बर्फ अनोळखी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि आसपासच्या गावांत काश्मीर, लडाख किंवा सियाचिनला राहून आलेला माणूस शोधण्यासाठी फार दारे ठोठवावी लागत नाहीत. आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदारांना आम्ही गुलमर्गला जाणार असल्याचे कळले, तेव्हा ते मनापासून हसले. “बर्फ बघाय पैसे मोजून चाललासा? आमाला सरकार पगार देऊन पाठवायचं की ओ!” त्यानंतर मात्र त्यांनी गंभीर होऊन जे सांगितले, ते कोणत्याही प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा उपयोगी ठरले. एका जाड कोटावर विसंबण्यापेक्षा कपड्यांचे तीन थर घालावेत, म्हणजे चालताना एखादा उतरवता येतो. अंगाला घाम फुटेल इतकी धावपळ करू नये, कारण थांबल्याबरोबर ओला बनियनच अंगातली ऊब काढून घेतो. मोज्यांचा एक कोरडा जोड जवळ असावा. तहान लागली म्हणून बर्फ तोंडात टाकू नये. आणि आकाश ढगाळ असले तरी काळा चष्मा काढू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के किरण परत वर फेकतो, त्यामुळे बर्फात डोळ्यांना आणि कातडीला वरून ऊन लागते तसेच खालूनही लागते.

सुभेदारांचा बर्फ नोकरीचा आणि आमचा हौसेचा, असे मी तेव्हा मनाशी ठरवून टाकले होते. गुलमर्गचा इतिहास वाचल्यावर मात्र दोन्ही बर्फ एकाच डोंगरावरचे निघाले. बारामुल्ला जिल्ह्यातले सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे कुरण इंग्रजांनी उन्हाळ्यात गोल्फ खेळण्यासाठी आपलेसे केले आणि १९२७ मध्ये तिथे स्कीचा, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा, क्लब काढला. पुढे १९४८ मध्ये काश्मीरचे युद्ध चालू असताना जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने जवानांसाठी तिथे स्की शाळा सुरू झाली. थिमय्या मूळचे कोडगूचे, म्हणजे आपल्याच कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाचे. हिमालय न पाहता वाढलेल्या मुलखातील एका सेनापतीने बर्फावर चालण्याची शाळा काढावी, याचे मला अजूनही कौतुक वाटते. त्याच शाळेतून उंच डोंगरांवरच्या युद्धाचे शिक्षण देणारे आजचे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ उभे राहिले. पर्यटक ज्या उतारावर हसत-खिदळत लोळण घेतात, त्याच परिसरात जवान वजन पाठीवर घेऊन तेच कौशल्य शिकत असतात.

स्की शिकणाऱ्या नवख्यांसाठी गोल्फच्या मैदानालगतचे सौम्य उतार राखलेले आहेत. स्कीचा बूट एकदा आवळला की घोटा हलत नाही, नडगी पुढे झुकलेलीच राहते आणि चालणाऱ्याची अवस्था नव्या जोड्याने पाय चावलेल्या नवरदेवासारखी होते. प्रशिक्षक आधी पडायला शिकवतात: तोल गेला तर पुढे किंवा सरळ मागे न पडता कडेला, चढाच्या बाजूला अंग टाकावे. मग उठायला शिकवतात. पायांतल्या दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या केल्याशिवाय उठू पाहणारा माणूस उठता उठताच पुन्हा खाली घसरू लागतो, हे नवख्याला सांगून पटत नाही. त्यानंतर थांबणे येते. पट्ट्यांची टोके जवळ आणि मागच्या बाजू फाकलेल्या ठेवून आतल्या कडांवर भार दिला की वेग आटोक्यात येतो. पहिला दिवस बहुतेक एवढ्यातच सरतो, आणि खऱ्या अर्थाने घसरण्याचा आनंद हवा असेल तर दोन-तीन दिवस मुक्काम करण्यावाचून इलाज नाही. सकाळी श्रीनगरहून निघून संध्याकाळी परतणाऱ्याने स्कीच्या वाटेला न गेलेलेच बरे. त्याच्या हाती भाड्याचे बूट घातलेली छायाचित्रे तेवढी लागतात.

अशा घाईतल्या पाहुण्यांची मदार स्लेजवर असते. लाकडी फळ्यांची ही बसकी घसरगाडी दोरीने ओढणारी माणसे पायथ्याच्या टनमर्गहून येणाऱ्या गाड्या थांबतात तिथेच पाहुण्यांना गाठतात. उतारावर ओढणारा स्वतः पुढे बसून टाचांनी गाडी आवरतो आणि त्या मिनिटभराच्या वेगात पन्नाशीतला माणूसही ओरडून घेतो. अडचण चढावर होते. आपण बसलेले आणि फेरन, म्हणजे पायघोळ काश्मिरी अंगरखा घातलेला, गमबूट चढवलेला एक माणूस दोरी खांद्यावर घेऊन आपल्याला वर ओढतो आहे, हे दृश्य उसाच्या फडात बैलगाडी चढाला अडली की खाली उतरून चाकाला हात लावण्याची सवय असलेल्या घरांत सहज पचत नाही. “अहो, उतरा आता,” असे म्हणून सौ. आधी उतरल्या आणि मग आमची सगळीच वरात चालू लागली. ओढणाऱ्याला याचे नवल वाटले, थोडी काळजीही वाटली असावी, कारण पैसे कमी करण्यासाठी लोक काय काय करतात हे त्याने पाहिलेले होते. ठरलेले पैसे पूर्ण मिळणार अशी खात्री पटल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागला. उन्हाळ्यात घोडा, हिवाळ्यात स्लेज, अशी त्याची वर्षाची विभागणी होती. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू होतो, त्या कडाक्यात पडलेला बर्फ घट्ट गोठून टिकतो आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरवतो, हे त्याच्याकडूनच ऐकावे. म्हणजे त्याचाही बर्फ नोकरीचाच होता, फक्त त्याला पगार नव्हता.

गोंडोलाविषयी, म्हणजे तारेवरून डोंगर चढणाऱ्या पाळण्यांविषयी, सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा अफरवाट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असल्याने चार पावलांत धाप लागते. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी पहिल्या टप्प्यावरच समाधान मानावे. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद होतो. तिथून खाली भुसभुशीत बर्फात उतरणारे तरबेज स्कीपटू हिमस्खलनाचा धोका तपासून, जाणकारांसोबत जातात. आपण त्यांना निरोप द्यावा आणि गोंडोलानेच परतावे.

माझे मत विचाराल तर हौशी पाहुण्याने गुलमर्गमध्ये करण्याजोगी सर्वांत चांगली गोष्ट चालणे ही आहे, आणि ती आपल्याला येते. गमबुटांच्या तळव्यांना पकड असल्याची खात्री करून घ्यावी, वाटाड्या घ्यावा, सकाळचा बर्फ कडक असतानाच निघावे आणि १९०२ मध्ये बांधलेल्या सेंट मेरी चर्चपर्यंत जाऊन यावे. बेळगावच्या कॅम्पात त्याच नावाचे चर्च पाहिलेल्या माणसाला इंग्रजांच्या चिवट सवयींची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. परतल्यावर कहवा, म्हणजे काश्मिरी मसालेदार चहा घ्यावा. त्यातल्या बदामाच्या कापांसाठी मुले भांडतात, त्यांना भांडू द्यावे.

तारखेबाबत मात्र सावध राहावे. जानेवारी २०२४ च्या मध्यापर्यंत गुलमर्गचे कुरण तपकिरी, कोरडे पडले होते आणि पर्यटकांनी आरक्षणे रद्द केली होती. २०२५ मध्ये बर्फ पुरेसा नसल्याने फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणून मुलांच्या शाळा, कार्यालयीन रजा आणि सांबऱ्याहून विमानाची सोय हे सगळे जुळवताना फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरावा, पैसे भरण्यापूर्वी तारीख बदलण्याची मुभा हॉटेलकडून लेखी घ्यावी आणि श्रीनगरसाठी दोन दिवस मोकळे ठेवावेत.