पुढच्या कार्डासाठी आत्ताच एसएमपीएस

मागच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याचा पीसी गेम चालू केला की पाच मिनिटांत खट्कन बंद पडायचा, बटण दाबलं की परत चालू. साताऱ्यात पावसाळ्यात लाईट येणं-जाणं नवीन नाही, त्यामुळं आधी सगळ्यांनी लाईटीवरच खापर फोडलं, मग रॅम काढून पुसली, विंडोज परत टाकली, दोन रविवार त्यात गेले. शेवटी साईडचं पॅनल काढून एसएमपीएसचं, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल वाचलं आणि तिथंच सापडलं.

कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टला फक्त १८ अँपिअर, म्हणजे १२ गुणिले १८, झाले २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात, त्यात आमचं ग्राफिक कार्ड, आरटीएक्स ३०६०, एकटंच १७० वॅट घेतं, मग बाकीच्यांना उरलं काय? वर कार्डाला लागणारी ८ पिनची केबलच नव्हती म्हणून मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनच्या प्लगवरून, कन्व्हर्टर लावलेला, तो बघून तर पोटात गोळाच आला. दुकानात गेलात की १२ व्होल्टचे अँपिअर वाचा, बॉक्स फिरवून दाखवायला सांगा, अजिबात लाजू नका.

धाकटा म्हणाला, "दादा, ५५० वॅटचा घेऊ, ३०६० ला एनव्हीडिया कंपनी तेवढाच सांगते." बरोबर आहे त्याचं, पण दोन-तीन वर्षांनी हा कार्ड बदलणार हे मला आत्ताच माहितीय. एनव्हीडियाचंच नवीन आरटीएक्स ५०७० टीआय ३०० वॅटचं कार्ड आहे, त्याला ७५० चा सांगतात. चांगला एसएमपीएस दोन-तीन कार्डं बघतो, मग फरक दोनेक हजाराचा असताना दोनदा कशाला घ्यायचा? म्हणून ७५० वॅट, गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा दर्जा), एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवीन मानक), दहा वर्षं वॉरंटी. नवीन कार्डं क्षणभर एकदम जास्त करंट ओढतात, ते झटके सोसायची अट एटीएक्स ३.० पासूनच आलीय, आणि १६ पिनची केबल बॉक्समध्येच मिळते.

आईला लाईट बिलाची काळजी. पण ७५० चा घेतला म्हणून मीटर काय ७५० ने फिरत नाही, पीसीला लागतं तेवढंच ओढलं जातं, थोडं उष्णतेत जातं आणि गोल्डमध्ये ते कमी जातं.

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, घेतलात तर एक कळकळीनं सांगतो, जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीपण, प्लग बसतो पण हार्डडिस्क जळू शकते.

आता राहिला यूपीएस. आमचा ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅट, ३०६० ला कसाबसा पुरतो पण मोठं कार्ड आलं की लाईट गेल्या गेल्या तो ओव्हरलोड होणार. १००० व्हीएचा बघतोय, पोवई नाक्याकडं दोन दुकानांत विचारून ठेवलंय.