पांढऱ्या रश्श्यातला ‘ऱ्य’ आणि बॅकस्पेस

नव्याने संगणकावर लिहिणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आधी कॉपी, कट, पेस्ट शिकवतात. मराठीत लिहायचं असेल तर त्याआधी एक गोष्ट समजायला हवी. ‘कोल्हापूर’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण संगणक ते नऊ तुकड्यांत साठवतो: क, ओकार, ल, पाय मोडायची खूण, ह, काना, प, दीर्घ उकार, र. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण कीबोर्डवर कळाही नऊच लागतात: के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. हे एकदा डोक्यात बसलं की दुरुस्तीतले निम्मे घोळ आपोआप उलगडतात.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या भाषेच्या पानावर मराठी जोडून घ्या. नंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबला की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते.

आता बॅकस्पेस. कर्सर ‘ल्हा’च्या उजवीकडे ठेवून एकदा बॅकस्पेस दाबला तर फक्त काना जातो, दुसऱ्यांदा ह, मग पायमोड. डिलीटचं तसं नाही. कर्सर ‘ल्हा’च्या डावीकडे ठेवून डिलीट दाबलं की वर्डमध्ये अख्खं जोडाक्षर उडतं. बाणाच्या कळाही जोडाक्षराच्या पोटात शिरत नाहीत, त्याला वळसा घालून जातात. म्हणून काना-मात्रा-वेलांटी चुकली असेल तर कर्सर त्या अक्षराच्या पुढे न्या, बॅकस्पेसने चुकीचा तुकडा तेवढा काढा आणि योग्य तो टाका. अख्खा शब्द पुसून पुन्हा लिहायची गरज नसते.

टाइपरायटरवर हात बसलेल्यांना दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली वेलांटीला. कागदावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी दिसते, पण इथे आधी अक्षर, मग वेलांटी. ‘करिता’ लिहिताना ‘र’च्या आधी वेलांटी दाबली तर ती मागच्या ‘क’ला चिकटते आणि ‘किरता’ उमटतं. शब्दाच्या सुरुवातीलाच दाबली तर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ म्हणजे ‘या मात्रेला अक्षर मिळालेलं नाही’ अशी सूचना. दुसरी ठेच रफाराला. ‘अर्ज’मध्ये रफार ‘ज’च्या डोक्यावर दिसला तरी क्रम र, पायमोड, ज असाच हवा.

आणि आपल्या कोल्हापूरच्या जिव्हाळ्याच्या रश्श्यातला ‘पांढऱ्या’. साधा र, पायमोड आणि य दाबलं तर ‘पांढर्या’ होतं, ते चूक. इथे शिफ्ट धरून जे दाबायचं, म्हणजे वेगळा ‘ऱ’ येतो. त्यानंतर डी, म्हणजे पायमोड, मग य. हॉटेलच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत ही चूक सर्रास दिसते, आणि कारण फक्त ही एक शिफ्ट.

मजकूर निवडण्याचं सोपं आहे. शब्दावर दोनदा क्लिक केलं की शब्द निवडला जातो, वर्डमध्ये तीनदा केलं की परिच्छेद. शिफ्ट धरून बाण दाबला तर एकेक अक्षर, सोबत कंट्रोलही धरला तर एकेक शब्द. निवडलेल्यावर थेट टाईप केलं की जुना मजकूर जातो, आधी पुसावं लागत नाही. पण कंट्रोल-ए करून सगळं निवडल्यावर चुकून एखादी कळ दाबली गेली, तर सगळा अर्ज गायब! घाबरू नका, लगेच कंट्रोल-झेड दाबा. मराठी कीबोर्ड चालू असतानाही कंट्रोलच्या या जोड्या त्याच कळांवर राहतात.

शोधा-आणि-बदला हे हत्यार मात्र जपून वापरा. समजा, गुळाच्या पट्टीत सगळीकडे ‘गुळ’ असं ऱ्हस्व पडलंय आणि ‘गूळ’ करायचंय. नोटपॅडमध्ये ‘सर्व बदला’ दाबलं तर ‘गुळाचे रवे’सुद्धा ‘गूळाचे रवे’ होतील, कारण सामान्यरूपात उकार ऱ्हस्वच राहतो. एकेक बघत बदला. शोधतानाही हीच अडचण येते: ‘कोल्हापूर’ टाकलं तर ‘कोल्हापुरात’ सापडत नाही, तिथला उकार वेगळा. ‘कोल्हा’ एवढंच टाका, दोन्ही सापडतील.

ओळ संपली म्हणून एंटर मारू नका, शब्द आपोआप खाली जातात. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. ‘ता. करवीर, जि. कोल्हापूर’ उजवीकडे सरकवायला तीस स्पेस देणं ही तर हमखास फसगत. फॉन्ट किंवा कागदाचा आकार बदलला की सगळं वाकडं. त्यासाठी कंट्रोल-आर आहे, मधोमध आणायला कंट्रोल-ई. वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की प्रत्येक स्पेस ठिपक्यासारखी दिसते. दुसऱ्याकडून आलेली फाइल दुरुस्त करताना आधी हेच करा.

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या छपाई-मांडणीच्या, जुन्या फॉन्टमधला मजकूर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर नुसता फॉन्ट बदलून सरळ होत नाही. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणावा लागतो.

शेवटी सेव्ह. कंट्रोल-एस दर परिच्छेदाला. जुन्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या, रकान्यात ‘एएनएसआय’ असेल तर ते बदलून ‘यूटीएफ-८’ करा. नाहीतर फाइल पुन्हा उघडल्यावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील, आणि ती कंट्रोल-झेडनेही परत फिरत नाहीत.