मदत हवी, अर्जंट!

‘मदत हवी, अर्जंट!’ एवढंच शीर्षक असलेला, इंटरनेटवरच्या चर्चामंचावर आलेला संदेश उघडावासा वाटतो का? मला तरी नाही. घाई आहे हे कळलं, पण कशाची? आत शिरावं तर एकच ओळ: ‘प्रिंटर चालत नाहीये, काय करू?’ कुठला प्रिंटर? चालत नाही म्हणजे कागद अडकतो, शाई उमटत नाही, की कॉम्प्युटरला तो सापडतच नाही? मग मदत करायला आलेल्याने पोलिसी चौकशी सुरू करायची. चार उलट प्रश्न, चार तुटक उत्तरं, आणि तोवर खरा जाणकार कंटाळून निघून गेलेला असतो.

यात आळसच असतो असं नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो प्रिंटर असतो, त्याचा लुकलुकणारा लाल दिवा असतो; ते त्याला इतकं लख्ख दिसतं की लिहायलाही हवं हे सुचत नाही. समोरासमोर बोलताना ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी बघून आपण वाक्य सुधारतो. लेखी मजकुराला ती सोय नाही. त्यात पडद्यावरचा एरर मेसेज लोक स्वतःच्या शब्दांत सांगतात: ‘काहीतरी चुकलंय म्हणतोय.’ अहो, ते ‘काहीतरी’च तर जसंच्या तसं हवं होतं!

याहून चकवा देणारा एक प्रकार आहे. तंत्रज्ञ त्याला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ म्हणतात. एकजण विचारतो, ‘कॉम्प्युटरचं घड्याळ एक तास मागे कसं न्यायचं?’ लोक इमानेइतबारे सांगतात. थोड्या वेळाने तो परत येतो, घड्याळ आपोआप पुढे गेलं म्हणून. पुन्हा नवे उपाय. खूप उशिरा कळतं की टाइम झोनच चुकीचा निवडलेला होता. दुखणं सांगायचं सोडून त्याने स्वतःच ठरवलेल्या औषधाची चौकशी केली होती. हुशार माणसं यात जास्त सापडतात, असं माझं निरीक्षण आहे. अर्धा उपाय त्यांनी आधीच काढलेला असतो ना!

इंटरनेटवर लिहिण्याच्या शिष्टाचाराचे नियम नवे नाहीत. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८५५’ नावाची मार्गदर्शिका निघाली. विषयाच्या ओळीत मजकुराचा विषय दिसावा, सगळं कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं, ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवावी, असं तिच्यात होतं. ओळीच्या लांबीचा हिशोब आता पडदाच बघतो. कॅपिटलची भानगड देवनागरीत नाहीच, म्हणून आपण ओरडायची हौस उद्गारचिन्हांवर भागवतो, एका वेळी पाच-सहा. विषयाच्या ओळीचा नियम मात्र आजही तितकाच लागू आहे, आणि तितकाच मोडला जातो.

पण मला सर्वांत जास्त चीड येते ती प्रश्न सुटल्यावर लिहिणाऱ्याची. आपल्यासारखीच अडचण कुणी तरी काही वर्षांपूर्वी मांडलेली सापडते. शीर्षक नेमकं, तपशील पूर्ण, एरर मेसेजसुद्धा शब्दन् शब्द तोच. आपण हरखून खाली सरकतो. खाली त्याच माणसाचं शेवटचं उत्तर: ‘जमलं! सर्वांचे आभार.’ कसं जमलं, त्याचा पत्ता नाही. त्याला विचारावं म्हटलं, तर तो त्यानंतर मंचावर फिरकलेलाच नसतो.