गडहिंग्लजवाल्यांची सुट्टी आणि आमची

जुलैच्या शेवटी सुट्टी लागायच्या चार दिवस आधी निघालं तर बेळगावला येणं बऱ्यापैकी स्वस्त पडत होतं, म्हणून थोरल्याच्या इथल्या, जर्मनीतल्या शाळेत रजेचा अर्ज दिला. दोन ओळींचं उत्तर आलं: स्वस्त तिकीट हे रजेचं कारण होऊ शकत नाही. खाली सही आणि सुट्टीच्या हार्दिक शुभेच्छा. त्या शुभेच्छांनी माझं डोकं जास्त फिरलं.

जर्मनीत पोराला शाळेत पाठवणं हा कायदा आहे, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीही तो तितकाच कडक. 2018 च्या मे महिन्यात बव्हेरियातल्या विमानतळांवर चक्क पोलीस चौकशी करत होते, शाळेच्या वयाची पोरं घेऊन सुट्टीआधीच कोण निघालंय म्हणून. सापडले त्यांची नावं टिपून घेतली. आपल्याकडं मावशीचं लग्न आहे म्हटलं की बाईच विचारायच्या, "मुहूर्त कितीचा?" आणि चार दिवसांनी आल्यावर वहीत उतरवून घ्यायला हुशार मुलीशेजारी बसवायच्या. लग्नं, जत्रा, पेरण्या सगळं करून आमची पिढी शिकलीच की. माझा नवरा उद्यमबागेतल्या फौंड्रीतून निघून आज श्टुटगार्टमध्ये यांच्याच कास्टिंगमधले दोष काढतो. त्याची हजेरी कुणी तपासली होती?

बरं, नियम सगळ्यांना सारखा आहे, ओळखीपाळखीनं वाकत नाही, हे मान्य. पण मान्य असलं म्हणून राग जातो असं नाही.

खरी मेख आहे सुट्ट्यांच्या तारखांत. इथली मोठी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा. तेव्हा बेळगावात मुसळधार पाऊस आणि आमची भाचरं शाळेत. मे-जूनमध्ये इथं आणखी दोन आठवडे मिळतात, तर नेमकी त्याच सुमारास बेळगावच्या शाळांची घंटा वाजते. शेवटी यंदा गेलोच नाही. आईला शाळेच्या नियमाचं सांगितलं. चौघांच्या भाड्याचा आकडा मध्ये आणला नाही; नियम होताच की, खोटं काय बोलले?

सुट्ट्यांचं हे त्रांगडं मला नवीन नाही म्हणा. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो आणि आईची बहीण दिली गडहिंग्लजला, म्हणजे महाराष्ट्रात. आमची शाळा मराठी असली तरी वेळापत्रक कर्नाटकाचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी, मे संपता संपता शाळा. मावशीच्या पोरांना सुट्टी लागायची मे उजाडताना आणि त्यांची शाळा पार जूनच्या मध्यावर. म्हणजे आम्ही नवीन दप्तर घेऊन बाहेर पडायचो आणि ही मंडळी आमच्याच सोप्यात लोळत आमचेच आंबे खात असायची. वर "टाटा!" सीमाप्रश्न आम्हा पोरांना सभा-मोर्चांच्या आधी कळला तो असा.

त्यावर तोडगा काढला काकानं. बेळगावची शिवजयंती वैशाखातली. रात्रभर चालणारे चित्ररथ, त्यावर श्वास रोखून उभे राहिलेले मावळे. ते बघून पोरं तशीही पिसाळलेली असायची. काका म्हणाला, शाळेच्या आदल्या संध्याकाळी आपल्या गल्लीचा चित्ररथ काढायचा, सुट्टीतल्या प्रसंगांचा. पिठाच्या गिरणीवाल्याचा हातगाडा, साडीचा पडदा, हलगीच्या जागी तेलाचा रिकामा डबा. अट एकच: देखाव्यातल्यानं हलायचं नाही.

गाजला तो 'कावळ्याचा वध'. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया पळवणारा कावळा म्हणजे गडहिंग्लजचा मावसभाऊ, अंगावर मोडक्या छत्रीचं काळं कापड. महाराजांच्या पवित्र्यात मी, हातात उलथनं. त्यानं नुकताच आंबा खाल्लेला, कोपरापर्यंत रस वाळलेला. गल्लीच्या वळणावर त्याच्या हाताला मुंग्या लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण गडी हलला नाही. देवळापर्यंत तसाच. आजीनं सगळ्यांदेखत त्याला पहिला कुंदा दिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी त्याच्यावर जळायचं विसरले.

ही गोष्ट यंदा कामाला आली, कारण धाकटी पहिलीत गेली. इथं पहिलीच्या पहिल्या दिवशी पोराच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा शंकू देतात, शूलट्यूटं. आत खाऊ, पेन्सिली, खेळणी. साधारण 70 सेंटिमीटर उंच. पूर्वेकडचे षटकोनी असतात आणि 85 पर्यंत जातात. प्रथा सॅक्सनी-थुरिंगियाकडची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. पोरांना सांगायचं काय, तर गुरुजींकडं एक झाड असतं, त्याला हे शंकू लागतात, आणि ते पुरेसे मोठे झाले की तुमची शाळेत जायची वेळ झाली! इतके नियमवाले लोक, पण सहा वर्षांच्या पोरासाठी सगळे मिळून बिनदिक्कत थाप मारतात. मला हे फारच आवडलं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिनं ते झाड ताबडतोब आपल्या नावावर करून घेतलं. नातीला म्हणाली, "त्ये झाड आमच्या जांबोटीच्या रानातलं गं. तुमच्या मास्तरांनी रोप न्हेलंय हितनं." पुढं बालवाडीत सगळ्यांनी झाडाचं चित्र काढलं. बाकीच्यांचे शंकू फांद्यांना लोंबत होते, आमच्या धाकटीचे फणसासारखे थेट बुंध्याला चिकटलेले, खाली मुंग्यांची रांग. बाईंनी विचारलं तर म्हणाली, मूळ झाड असंच असतं.

पण शंकू आयुष्यात एकदाच. थोरला चौथीत चाललेला, त्याला कोण विचारतो? भावंडासाठी छोटा शंकू देतात, तो त्याला दिला. त्यानं तो हातात घेऊन नुसतं माझ्याकडं बघितलं. सुट्टीचा शेवटचा आठवडा, दोघंही दिवसभर तोंड पाडून सोफ्यावर. मग मी काकाचा तोडगा काढला.

चारचाकी ओढगाडा शेजाऱ्यांचा, पडदा माझ्या जुन्या इरकलीचा. विषय मात्र पोरांनी निवडला: 'विमानतळावर आंबेचोर पकडला'. थोरला खांद्यावर दप्तर, पोटाशी आंब्यांची पेटी घेतलेला शाळाचुकार. त्याची मान धरणारा पोलीस म्हणजे त्याचा बाप. आणि धाकटी शाळा. म्हणजे खरोखर शाळा, डोक्यावर पुठ्ठ्याचं छप्पर आणि कपाळावर घड्याळ. देखाव्यातली माणसं गाड्यात मावेनात म्हणून पोलीस शेजारून चालला, तेवढी सूट दिली. शनिवारी सकाळी अंगणात मिरवणूक. दुपारी एक ते तीन शांतता पाळायची हा आमच्या इमारतीचा नियम, रविवार तर पूर्ण बाद. पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांवरचा मुलांचा गलका हा उपद्रव धरायचा नाही असं 2011 साली इथं कायद्यात घातलंय, पण माझ्या हातातल्या स्टीलच्या डब्याला ते लागू होईल असं वाटत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्या तेव्हा मी डबा पाठीमागं लपवला. त्यांनी गाड्याभोवती एक फेरी मारली. थोरल्यानं इमानदारीत अट समजावून सांगितली. मग त्या माझ्या नवऱ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "पोलीस हलतोय."

पुन्हा पहिल्यापासून मिरवणूक काढावी लागली.

शंकूत कुंदा टिकला नसता, म्हणून गोकाकचा करदंट घातला. आईला ते पटलेलं नाही. व्हिडिओ बघून तिचं दुसरं म्हणणं असं की जावयाला पोलीस कशाला केला, मावळा करायचा.

आता हिशेब मांडून बसलेय. 2028 साली ईस्टर 16 एप्रिलला येतोय, म्हणजे इथली ईस्टरची सुट्टी आणि बेळगावची उन्हाळी सुट्टी गाठ खाईल असं दिसतंय. तेव्हा येतोय. गडहिंग्लजवाल्यांची शाळा तेव्हा चालूच असणार. त्यांनी दप्तरं घेऊन निघावं, आम्ही सोप्यातून टाटा करू.