चिऊचा घास

परवा शेजारच्या काकू वहिनीला म्हणाल्या, "किती पुण्याचं काम करतेस गं बाई," आणि चहा पिऊन निघून गेल्या. वहिनी काहीच बोलली नाही कारण चिऊच्या तोंडात घास होता आणि तो अजून गिळून झाला नव्हता.

मी चिऊची आत्या. चिऊ सहा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. अमळनेरला दादा-वहिनीकडे आली तेव्हा अडीच वर्षांची होती आणि मानसुद्धा धरत नव्हती. दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या 'कारा' या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर धडधाकट बाळासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात, विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी मात्र समोर असते आणि बरेच जण ती न उघडताच पुढे जातात. दादाने उघडली. आधी दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आली, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला (2022 पासून तो कोर्टाऐवजी त्यांच्याकडूनच होतो). पुढे दिव्यांगाचं युडीआयडी कार्ड, एक लाखाचा निरामय विमा, एकेका कागदासाठी दादाने किती सुट्ट्या टाकल्या मला माहितीये. फिजिओथेरपीसाठी सकाळच्या गाडीने जळगाव. मे महिन्यात आपल्याकडे ऊन 44-45 ला जातं तेव्हा त्या प्लास्टिकच्या स्प्लिंटखाली तिचे पाय लाल होतात, वहिनी दर दोन तासांनी पट्टे सोडते, मोजे बदलते, परत बांधते.

आणि जेवण. अर्धी वाटी मऊ खिचडी, चाळीस मिनिटं. पाठ सरळ, मान जराशी पुढे, हनुवटीखाली बोटाचा आधार, चमचा जिभेवर हलकासा दाबायचा आणि मग थांबायचं. ती गिळेपर्यंत दुसरा घास नाही, कारण घाई केली की अन्न श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो, एकदा झालाय.

हे मी शिकले, पंधरा दिवस लागले, पहिल्या दिवशी हात थरथरत होता. ज्या दुपारी मी एकटीने पूर्ण वाटी संपवली त्या दुपारी वहिनी आतल्या खोलीत तीन तास झोपली. तीन तास! म्हणून मनापासून सांगते, तुमच्या नात्यात असं घर असेल तर त्यांना देवमाणूस म्हणून हात जोडू नका, जाऊन एक घास भरवायला शिका, सगळ्यात जास्त गरज त्यांना याचीच असते.

पहिल्या वर्षीच्या कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, भाऊबंदकीतल्या एकाने हळूच विषय काढला होता, रोट (देवीच्या प्रसादाची पोळी) तर आपल्या रक्ताच्याच माणसांनी खायचा ना. दादाचा चेहरा उतरला. आमची माय चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "मनी नात शे ती" (माझी नात आहे ती). मग उठली, रोटाचा तुकडा खिरीत पार मऊ होईस्तोवर कुस्करला, वहिनीला विचारलं, "मान कशी धरू, दाखाड माले," आणि चिऊसमोर मांडी घालून बसली.